घरी इंग्रजी शिकवताना: व्याकरण कुठून धरावं, शब्द कुठून आणावेत

प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी चौथीत आहे, सेमी-इंग्लिशला. मुलगा पहिलीत. आम्ही दोघंही मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण बोलायला जीभ वळत नाही. मुलीने ट्यूशनमध्ये बारा काळांचा तक्ता पाठ केलाय, 'अ नाउन इज अ नेमिंग वर्ड' धडाधड म्हणते, पण काल काय केलंस असं इंग्रजीत विचारलं की गप्प. घरी व्याकरण आणि शब्द कसे शिकवू? कुठलं पुस्तक घेऊ? घरात इंग्रजीतच बोलायला लागू का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. घरात इंग्रजीतच बोलायला लागू नका. जी भाषा आपल्याला सहज येत नाही ती दिवसभर बोलायला गेलं की घरातलं बोलणंच आटतं. शाळेत कोणी चिडवलं, पोट का दुखतंय, हे मुलगी मराठीत सांगते. ते सांगणं बंद पडलं तर इंग्रजीचं काय घेऊन बसायचं? आणि प्रत्यक्षात होतं काय, तर "बेटा, वॉटर पी, मग हॅन्ड वॉश कर, डॉगीला बिस्कीट दे." हे वाक्य मराठीच आहे, नामं तेवढी इंग्रजी. यातून मुलाला इंग्रजी वाक्य एकही मिळत नाही आणि पाणी, हात, कुत्रा हे शब्द मात्र मागे पडतात. दिवसाची पंधरा-वीस मिनिटं इंग्रजीसाठी ठेवा, पण त्या वेळात अख्खी इंग्रजी वाक्यं बोला. उरलेला दिवस मराठीचा. वाचून अर्थ लावायची सवय एका भाषेत बसली की ती दुसऱ्या भाषेतही कामी येते, त्यामुळे मराठी गोष्टींची पुस्तकं अजिबात कमी करू नका. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय.

आता मुलीचं. तिला व्याकरणातली नावं येतात, वाक्यं येत नाहीत. यात तिचा दोष नाही. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. पाचवीतलं मूल दहा-अकरा वर्षांचं, त्याला मराठीतले कर्ता, कर्म, क्रियापद माहीत झालेले, त्यामुळे नियम सांगून भाषांतर करून घ्यायची पद्धत कशीबशी चालून जायची. मुलांचं वय चार वर्षांनी खाली आलं, पाठ्यपुस्तकंही पुष्कळ बदलली. क्लासमधली पद्धत मात्र बऱ्याच ठिकाणी तीच राहिली. सात वर्षांच्या मुलाला नाउनची व्याख्या पाठ करायला लावून काहीही साधत नाही. व्याख्या तो म्हणेल, कारण त्या वयात पाठांतर चांगलं असतं. तेवढ्यावर पालकही खूश होतात.

तुमची मुलगी दोन-अडीच वर्षांची असताना "मी करलं", "मी करला" असं काहीतरी म्हणाली असेल. सगळीच मुलं म्हणतात. बसला, उठला, पडला यावरून तिने नियम स्वतःच काढला आणि 'कर'लाही लावला. तुम्ही तेव्हा तिला भूतकाळाचा नियम सांगितला नाहीत. "हो? तू केलंस?" एवढंच म्हणालात आणि पुढे गेलात, आणि काही महिन्यांत 'केलं' तिच्या तोंडी बसलं. इंग्रजीत ती "आय गोड टू आजोळ" म्हणाली ('गो'ला भूतकाळाचा 'एड' लावून 'गोड'), तर ते याच जातीचं आहे. मला तर ते ऐकून बरं वाटतं, कारण पाठ केलेलं वाक्य असं चुकत नाही. हे तिने स्वतः बनवलेलं आहे. तिथेही तेच करायचं: "ओह, यू वेंट टू आजोळ? हूम डिड यू सी देअर?" बरोबर रूप तिच्या कानावर पडलं, गप्पा तुटल्या नाहीत. "गोड नाही, वेंट! दहा वेळा लिही" म्हणालात की पुढच्या वेळी ती बोलणार नाही. गप्प बसलं की चूक होत नाही, हे मुलांना फार लवकर कळतं.

आणखी एक माहीत असू द्या. कुठलं रूप आधी येतं आणि कुठलं उशिरा, याचा एक ढोबळ क्रम असतो. अमेरिकेत रॉजर ब्राउन यांनी तीन लहान मुलांचं बोलणं दीर्घकाळ नोंदवून तो १९७३ मध्ये मांडला. पुढे स्पॅनिश आणि चिनी घरांतल्या, इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांचाही अभ्यास झाला. दोन्हीकडे 'इंग' आणि अनेकवचनाचा 'एस' लवकर येताना दिसला, आणि 'ही गोज, शी ईट्स' यातला क्रियापदाचा 'एस' बराच उशिरा. आपल्याकडे नेमका हाच 'एस' दुसरी-तिसरीपासून लाल पेनाने गोल करतात. चौथीच्या मुलीने बोलताना "माय सिस्टर लाइक मँगो" म्हटलं तर कानाआड करा. तिच्या वहीत, लिहिताना, एखाद्या वेळी सांगा. बोलताना नको.

मग घरी व्याकरण म्हणून काय करायचं? जिथे मराठी वाक्याची ठेवण इंग्रजीच्या आड येते तेवढंच. अशा जागा फार नाहीत, आणि त्या मराठी येणाऱ्या आईला जितक्या चांगल्या समजावता येतील तितक्या फक्त इंग्रजी येणाऱ्या शिक्षकालाही येणार नाहीत.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे "आय डिडन्ट वेंट". शाळेत हे रोज ऐकते, दहावीच्या उत्तरपत्रिकेतही सापडतं. कारण बघा. मराठीत "तू गेलास", "तू गेलास का?", "तू गेला नाहीस" या तिन्ही वाक्यांत 'गेला' जागचा हलत नाही. प्रश्न करायचा तर शेवटी 'का' लावलं, नकार द्यायचा तर 'नाही' लावलं, झालं. मुलगी हेच इंग्रजीत करते: वेंट तसंच ठेवते आणि शेजारी डिडन्ट आणून बसवते. इंग्रजीत भूतकाळ एकाच जागी दाखवतात. डिड आलं की भूतकाळाचं काम डिडने उचललं, वेंटने परत गो व्हायचं.

हे सांगून कळत नाही, हाताने करून कळतं. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून पट्ट्या करा. एकीवर यू, एकीवर टू द मार्केट. तिसऱ्या पट्टीच्या एका बाजूला वेंट, दुसऱ्या बाजूला गो. चौथीवर डिड, पाचवीवर डिडन्ट. जमिनीवर मांडा: यू वेंट टू द मार्केट. आता तिला डिड देऊन पुढे ठेवायला सांगा. डिड ठेवल्याबरोबर वेंटची पट्टी उलटायची, हा खेळाचा नियम. डिड यू गो टू द मार्केट? डिड काढलं की पट्टी पुन्हा सुलटी. असंच ईट-एट, सी-सॉ, कम-केम, टेक-टुक, बाय-बॉट, ब्रेक-ब्रोक, फॉल-फेल. चौथीला अशी वीस-पंचवीस क्रियापदं पुष्कळ झाली. तिसरं रूप, ते गॉन-ईटन-सीन, आत्ता आणूच नका. एकदा पट्टी उलटायची सवय लागली की पुढे 'डझ'ही त्याच खेळात बसतं: 'शी लाइक्स' मधला एस डझने उचलला, म्हणून 'डझ शी लाइक'. वर ज्या एसकडे कानाडोळा करा म्हटलं तोही या वाटेने हळूहळू जागेवर येतो.

पट्ट्या चार-पाच दिवस पुरतात, मग मुलं कंटाळतात. तोवर तोंडी खेळ सुरू करा. रात्री जेवताना तुम्ही दिवसभरातली तीन वाक्यं सांगायची, दोन खरी, एक थाप. "आय बॉट अ न्यू चप्पल. आय सॉ अ स्नेक. आय ड्रँक फाइव्ह कप्स ऑफ टी." तिने प्रश्न विचारून थाप पकडायची. "डिड यू सी अ स्नेक?" विचारल्याशिवाय तिला सुटका नाही. मग तिची पाळी. बाबांनाही ओढा यात. वडिलांच्या थापा मुलांना जास्त आवडतात. इथे डिडचा नियम कोणी सांगत नाही, पण महिनाभरात तो शंभर वेळा तोंडातून जातो. तुमचं स्वतःचं बोलायचं अडखळणंही याच खेळात कमी होईल, कारण लागतात ती वाक्यं छोटी आणि नेहमीचीच.

दुसरी जागा: ही, शी, इट. मराठी कानाला 'ही' म्हणजे ही मुलगी, ही बाई. इंग्रजीत तोच आवाज पुरुषाचा. त्यामुळे "ही इज माय मदर" हे वाक्य मुलांच्या तोंडून अगदी सहज निघतं. 'शी' म्हटल्यावर पहिलीचा वर्ग फिदीफिदी हसतो, ते वेगळंच. त्यात 'दे' म्हणजे आपल्याकडे 'मला दे', आणि 'मी' म्हणजे तर आपणच. वर आपल्याकडे पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते; मग पंखा बंद पडला की "ही इज नॉट वर्किंग". आणि घरी "बाबा आले" असं आदरार्थी बोलायची सवय असलेलं मूल "दे केम" म्हणतं. माझ्या मते ते सभ्यपणाचं लक्षण आहे, पण इंग्रजीत चालत नाही.

यावर लग्नाचा अल्बम काढा. प्रत्येक घरात असतो, मुलांना तो बघायला आवडतो, आणि त्यात बाया-पुरुष भरपूर. "हू इज धिस? शी इज माय मावशी. हर नेम इज… हू इज ही? ही इज हर हजबंड." मावशीला मावशीच म्हणा; आँट म्हणून मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या एका पिशवीत कोंबायची घाई नको. ही-शी पंधरा दिवसांत बऱ्यापैकी जागेवर येतात, आणि वस्तू सगळ्या इट, हे सांगायला एक दिवस पुरतो.

तिसरी जागा म्हणजे आपलं 'आहे'. पाणी गरम आहे. घरात पाणी आहे. मला भाऊ आहे. मराठीत तिन्हीकडे 'आहे', इंग्रजीत तीन वेगळ्या तऱ्हा: द वॉटर इज हॉट, देअर इज वॉटर इन द हाउस, आय हॅव अ ब्रदर. मुलं तिन्हीकडे 'इज' लावतात. "माय वन ब्रदर इज" हे वाक्य मी किती वहीत पाहिलंय त्याला गणती नाही. 'देअर इज' आणि 'आय हॅव' ही दोन वाक्यं तुकड्यातुकड्याने न शिकवता अख्खी तोंडात बसवा. दप्तर उघडून "आय हॅव टू पेन्सिल्स, आय हॅव अ टिफिन", फ्रिज उघडून "देअर इज मिल्क, देअर आर फोर टोमॅटोज". फ्रिज नसेल तर भाजीची टोपली आहेच.

'अ' आणि 'द' हे मराठीत नाहीतच, म्हणून ते शेवटपर्यंत छळतात, मोठ्यांनासुद्धा. पण आपल्या गोष्टीची सुरुवात आठवा: एका गावात एक शेतकरी राहत होता. त्या शेतकऱ्याला दोन मुलगे होते. पहिल्यांदा 'एक', ओळख झाल्यावर 'तो'. देअर वॉज अ फार्मर. द फार्मर हॅड टू सन्स. एवढं एक सूत्र तिला देऊन ठेवा, बाकी नियम आत्ता नकोत. इन-ऑन-ॲट यांचंही तेच. आपला प्रत्यय शब्दाला मागून चिकटतो, त्यांचा पुढे येतो, हे कळलं की पुरे.

काळांचा तक्ता कपाटावरून काढून टाका. चौथीला चार तऱ्हा लागतात आणि चारही मराठीत शेजारी ठेवता येतात: मी जाते, मी जातेय, मी गेले, मी जाणार आहे. आय गो, आय ॲम गोइंग, आय वेंट, आय ॲम गोइंग टू गो. फक्त एक खबरदारी. आपण "मला माहितीये", "मला कळतंय" म्हणतो म्हणून "आय ॲम नोइंग, आय ॲम अंडरस्टँडिंग" होतं. नो, लाइक, वॉन्ट, अंडरस्टँड आणि 'माझ्याकडे आहे' या अर्थाचं हॅव यांना इंग लावत नाहीत, असं सरळ सांगून टाका. 'आय हॅव ईटन' सहावी-सातवीत येईल तेव्हा 'मी जेवलेय' शेजारी ठेवा, बरंचसं काम तिथेच होतं. पॅसिव्ह व्हॉइस आला की क्रिकेटचा स्कोअरकार्ड घ्या: कॉट, बोल्ड, रन आउट, सगळी तिसरी रूपं आहेत आणि सगळी मुलांना आधीच पाठ आहेत. "ही वॉज कॉट बाय द विकेटकीपर." फलंदाजाने काही केलेलं नाही, त्याच्यावर झालेलं आहे, हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह ही नावं कधी? शाळेत मराठीचं नाम, क्रियापद, विशेषण नीट झालं की त्याला जोडून. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवणार असाल तर त्या सुमारास लागतीलच, तिथे इंग्रजीचे प्रश्न असतात. तेव्हा महिन्याभराचं काम आहे, कारण तोवर हाताशी वाक्यं असतील.

शब्दांकडे येते. बाजारातले तक्ते बघा: फळं, भाज्या, प्राणी, रंग, वाहनं. झेब्रा, जिराफ, कॉलिफ्लॉवर, सबमरीन मुलांना येतं, आणि "ते उचल" इंग्रजीत सांगता येत नाही. वाक्य चालतं ते पुट, गेट, टेक, ब्रिंग, कीप, गिव्ह यांच्यावर आणि ऑफ, विथ, सम, देन असल्या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवर. अमेरिकेतल्या एडवर्ड डोल्च यांनी १९३६ मध्ये मुलांच्या पुस्तकांत सारखे येणारे २२० शब्द वेगळे काढले. त्या यादीत नामं घेतलीच नाहीत. ९५ नामांची वेगळी यादी केली. नेटवर डोल्च यादी म्हणून शोधली की मिळते. मुलीसाठी एवढी एकच यादी जवळ ठेवा आणि तीही पाठ करून घ्यायला नव्हे. यातले कुठले शब्द तिला वाचताना अडतात, एवढं बघायला.

घरात बोलायचे शब्द घरातूनच काढा. रोजची मराठी वाक्यं पाहा आणि त्यांची इंग्रजी जोडी शोधा. लाईट घालव: टर्न ऑफ द लाइट. (मुलं 'क्लोज द लाइट' म्हणतात.) चप्पल घाल: पुट ऑन युअर चप्पल्स. काढ: टेक देम ऑफ. उचल: पिक इट अप. आवर लवकर: हरी अप, गेट रेडी. सांडू नकोस: डोन्ट स्पिल इट. राहू दे: लीव्ह इट. ही वाक्यं पाठ्यपुस्तकात कमी सापडतात, घरात मात्र दिवसाला दहा वेळा लागतात, म्हणून ती मुद्दाम घोकावी लागत नाहीत. आठवड्याला अशी सात-आठ. रोज दहा शब्द, महिन्याला तीनशे, असली आश्वासनं क्लासच्या जाहिरातीत शोभतात.

शाळेतली शब्दार्थांची वही, डावीकडे स्पेलिंग आणि उजवीकडे मराठी अर्थ, ती शाळेसाठी ठेवा. घरी बुटांचा रिकामा खोका घ्या आणि आत पुठ्ठा लावून तीन कप्पे करा. जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली ही युक्ती आहे. पत्त्याएवढ्या कार्डावर एका बाजूला मराठी वाक्य, 'पाणी सांडू नकोस', दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की दुसऱ्यात, तो आठवड्यातून दोनदा. तिथेही आलं की तिसऱ्यात, तो महिन्यातून दोनदा. चुकलं की पहिल्यात परत. यात जे येतंय त्यावर वेळ जात नाही, जे विसरतंय तेच पुन्हा पुन्हा समोर येतं. कार्ड तिनेच लिहायचं, चित्र तिनेच काढायचं. एका शब्दाचं कार्ड करू नका, निदान दोन-तीन शब्दांचा तुकडा असू द्या: 'होमवर्क' नको, 'डू माय होमवर्क', 'बाथ' नको, 'हॅव अ बाथ'. नाहीतर पुढे "आय टेक स्नान" पासून "आय मेक होमवर्क" पर्यंत सगळं बघायला मिळतं.

घरात पडून असलेलं भांडवल वेगळंच आहे. मिक्सर, कुकर, कूलर, चार्जर, स्टार्टर, प्रिंटर, शार्पनर, ड्रायव्हर. मुलीला सांगा, यातला 'अर' काढून बघ. मिक्स, कुक, कूल, चार्ज, स्टार्ट. आठ नामांतून आठ क्रियापदं फुकट मिळाली, आणि 'अर' लावला की ते काम करणारा माणूस किंवा वस्तू, हेही कळलं. मग टीच-टीचर, फार्म-फार्मर, सिंग-सिंगर ती स्वतः करेल, आणि कधीतरी "माय मदर इज अ गुड कुकर" असंही म्हणेल. तेव्हा हसून सांगायचं, इंग्रजीत स्वयंपाक करणारी ती कुक, शिट्टी देतो तो कुकर.

पहिलीतल्या मुलाला व्याकरण नाही, स्पेलिंग पाठांतर नाही. त्याला ऐकू द्या आणि आवाज ओळखू द्या. मराठी मुलाची खरी अडचण अशी की आपल्या लिपीत अक्षर म्हणजेच उच्चार. 'क' वाचला की 'क'. इंग्रजीत २६ अक्षरं आणि साधारण ४४ ध्वनी, शिवाय अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. सी हे नाव, आवाज क. म्हणून ए-बी-सी-डीच्या क्रमापेक्षा आवाजाने सुरुवात करा. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांच्या आवाजांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिप असे भरपूर शब्द होतात. आणि आवाज म्हणताना 'ट' नव्हे, पाय मोडका 'ट्'. आपल्या 'ट'मध्ये 'अ' दडलेला असतो, म्हणून मुलं 'स-ॲ-ट' म्हणून थांबतात आणि ते जोडून सॅट होतच नाही. 'स्-ॲ-ट्' म्हणायला लावा, पटकन जुळतं. शेवटी ई आला की आधीचा स्वर आपलं नाव सांगतो, कॅपचं केप, किटचं काइट, हे दुसरीत.

तुमच्या उच्चारांची धास्ती घेऊ नका. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला 'व' म्हणतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो, एवढं आरशासमोर करून बघा. बाकी मुलांना आवाज ऐकवायला सोय आहे. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य उघडतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी फुकट आहेत, चार पातळ्यांच्या, अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, काही ऐकतही वाचता येतात. एकच गोष्ट आज मराठीत वाचा, उद्या इंग्रजीत. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे मुलगी शब्दाला अडत नाही, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायची सवयही लागत नाही. पातळी मात्र खालची घ्या. पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक आत्ता तिचं नाही.

पुस्तक विकत घ्यायचं तर व्याकरणाचं जाडजूड घेऊ नका. बालभारतीची दुसरी आणि तिसरीची इंग्रजीची पुस्तकं घ्या. ईबालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, नाहीतर शेजारच्या मुलांची जुनी मिळतील. चौथीतल्या मुलीने दुसरीचं पुस्तक न अडखळता वाचलं की तिचा धीर केवढा वाढतो ते बघा. तिला सांगा, हे तू भावाला वाचून दाखवायचंस. तिचा सराव, त्याचं ऐकणं. शब्दकोश सहावीच्या आसपास. मोबाइलवरची ॲपं शब्द-चित्र जुळवण्यापलीकडे फारशी जात नाहीत, आणि मूल काय बोललं ते ऐकून उत्तर द्यायला समोर माणूस लागतो.

ट्यूशन लगेच तोडू नका, शाळेच्या चाचण्या त्यावर चालल्या असतील. बाईंना एकदा भेटून विचारा, तक्त्याऐवजी रोज शेवटची पाच मिनिटं मुलांना 'काल काय केलं' यावर दोन-दोन वाक्यं बोलू देतील का. बऱ्याच जणी हो म्हणतात; पालक कधी मागत नाहीत म्हणून त्या करत नाहीत. नाही म्हणाल्या, तर थापांचा खेळ आणि खोका दिवाळीपर्यंत घरी चालवून बघा, आणि सहामाहीनंतर त्या तासाचं काय करायचं ते मुलीला विचारून ठरवा.